पाटीत दिवा लावण्याआधी: दुकानाच्या प्रकाशित फलकाची परवानगी कशी काढायची

आमच्या पोळी-भाजी केंद्राची पाटी पहिल्यांदा पेटली त्या संध्याकाळी मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. नवव्या दिवशी नोटीस आली. विनापरवाना प्रकाशित जाहिरात फलक, काढून टाका. मला कळेचना. माझं दुकान, माझ्या दुकानाचं नाव, यात जाहिरात कसली?

पुढचे अडीच महिने मी हे शिकत होते. पुण्यातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा गाळा आहे, त्यामुळे महापालिकेशिवाय सोसायटी, वीज आणि पाटीवाला अशा तीन आघाड्या वेगळ्या. तुम्ही पहिल्यांदा दुकान थाटत असाल तर खालचा क्रम पाळा. मी नेमका उलटा पाळला होता: आधी पाटी, मग कागद.

१. तुमची पाटी कायद्याच्या लेखी काय आहे ते ओळखा

मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याचं कलम २४५ जाहिरातींचं. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय कोणतीही जाहिरात उभारायची नाही, दाखवायची नाही, लावायची नाही आणि आधीपासून असली तर ठेवायचीही नाही, असं ते म्हणतं. पण त्यालाच एक सवलत जोडलेली आहे. त्या जागेत चालणाऱ्या धंद्याचीच पाटी असेल तर परवानगी लागत नाही, मात्र ती प्रकाशित नसावी आणि ‘आकाशचिन्ह’ही नसावी. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. तिथे हेच कलम ३२८-अ मध्ये येतं.

म्हणजे साधी रंगवलेली पाटी आणि आतून पेटणारी पाटी यांत कायद्याने भिंत घातली आहे, आणि ती भिंत म्हणजे दिवा. माझी पाटी दिव्याविना असती तर या कलमाखाली मला कुणी काही विचारलं नसतं.

आकाशचिन्ह हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला नक्षत्रं आठवली. अर्थ सोपा आहे: खांबावर किंवा सांगाड्यावर उभारलेली आणि रस्त्यावरून पाहताना जिच्यामागे आकाश दिसतं अशी जाहिरात. गच्चीवरची उभी अक्षरं त्यात आली. व्याख्येत जाहिरातीचे फुगेसुद्धा आहेत. यासाठी कलम २४४ आहे (मुंबईत ३२८), आणि एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची परवानगी मिळत नाही. पुण्यात या कामाच्या विभागाचं नावच आकाशचिन्ह व परवाना विभाग आहे, म्हणून चौकशी करताना ‘बोर्डाचं ऑफिस’ म्हणू नका, हे नाव घ्या. अर्धा वेळ वाचतो.

गच्चीवर काही उभारायचा विचार असेल तर पहिल्या दुकानासाठी तो सोडा. कागदही वाढतात, वाऱ्याचा धोकाही वाढतो. दर्शनी भिंतीला चिकटलेली, दुकानाच्या रुंदीएवढी पाटी हा सगळ्यांत कमी कटकटीचा मार्ग.

इथे एक सापळा आहे. कलमात ‘ठेवणे’ हा शब्द आहे. आधीच्या भाडेकरूच्या पाटीची पेटी (आत दिवे असलेली चौकट) भिंतीवर तशीच आहे आणि तुम्ही फक्त पुढचा फ्लेक्स बदलून घेतला, तरी ती आता तुमची पाटी. “ती तर जुनीच आहे” हे उत्तर मीही देऊन पाहिलं. आमच्या पेटीचा सांगाडा खरंच जुना होता. उपयोग झाला नाही.

नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर कायदे निराळे आहेत. कलमांचे आकडे बदलतील, तयारी बरीचशी हीच राहील.

२. भिंत कुणाची ते विचारा

गाळा तुमच्या नावावर असला तरी इमारतीची बाहेरची भिंत सहसा सोसायटीची असते. म्हणून सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. गाळा भाड्याचा असेल तर मालकाचं संमतीपत्रही लागतं, आणि भाडेकरारातच ‘दर्शनी भागावर प्रकाशित नामफलक लावण्यास मालकाची हरकत नाही’ अशी ओळ घालून घ्या. करार नोंदवून झाल्यावर ती ओळ मिळवणं फार जड जातं.

सोसायटीकडे तोंडी जाऊ नका. सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि “लावा हो, काय त्यात” म्हणाले, हे ना-हरकत पत्र नव्हे. आमच्याकडे असंच झालं. पुढे वरच्या मजल्यावरच्या काकांनी उजेड बेडरूममध्ये येतो म्हणून तक्रार केली, आणि ते “लावा हो” हवेत विरून गेलं. लेखी अर्ज द्या. सोबत पाटीचं चित्र, माप, कुठे बसणार आणि रात्री किती वाजता बंद करणार हे लिहा. समितीच्या सभेत ठराव होऊ द्या आणि पत्रावर ठरावाची तारीख मागून घ्या. सर्वसाधारण सभेतच विषय घ्यायचा असं समितीने ठरवलं, तर वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते हे लक्षात ठेवा. ती होऊन गेल्यावर ऑक्टोबरात अर्ज केलात तर विशेष सभेसाठी पाठपुरावा करावा लागेल.

मग पैशांचा विषय निघतोच. “इमारतीची डागडुजी काढली आहे, तुम्ही दुकानवाले, थोडा हातभार लावा.” इथे गप्प बसून हो म्हणायच्या आधी आकडे पाहा. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) प्रत्येक सभासदाकडून दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किमान ०.२५ टक्के घेतला जातो. गाळेधारक सभासद हे पैसे भरतच असतो. सोसायटीने स्वतःची भिंत वा गच्ची बाहेरच्या कंपनीच्या जाहिरातीला भाड्याने दिली तर ते उत्पन्न सोसायटीचं, त्यातून इमारतीचा खर्च निघाला तर उत्तमच. पण सभासदाने स्वतःच्या दुकानावर स्वतःचं नाव लावणं ही गोष्ट निराळी आहे. शेवटी काही रक्कम द्यायचं ठरलंच, तर ठराव आणि पावती दोन्ही घ्या. मी दिली. भांडून शेजार घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडलं, पण पावतीशिवाय दिली नाही.

३. मजकूर: मराठी आधी, आणि शुद्ध

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. इतर भाषा चालतात, पण मराठी सुरुवातीला हवी आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: मराठी नसलेल्या प्रकाशित फलकांचे परवाने रद्द आणि अशा दुकानांना दुप्पट मालमत्ता कर. तेव्हा इंग्रजी मोठं आणि मराठी कोपऱ्यात, हे डिझाइन आधीच बाद करा. दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या दुकानांना महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावं वापरता येत नाहीत, हेही त्याच दुरुस्तीतलं.

आता पाटीवाल्याच्या संगणकाकडे या. जुने फाँट आणि नवे फाँट यांची सरमिसळ झाली की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि रफार गायब होतो. फोनवर आलेल्या छोट्या चित्रावर होकार देऊ नका. कटिंगला जाणारी अंतिम फाइल त्याच्या समोर बसून, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

आणि उठावाची अक्षरं करणार असाल तर अनुस्वाराची काळजी घ्या. रोमन अक्षरं सुटी कापतात. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, म्हणून तो मजबूत बसतो. पण अनुस्वार, नुक्ता आणि कधीकधी चंद्र सुटे राहतात, ते नुसत्या गोंदाने चिकटवले जातात. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या ‘केंद्र’वरचा अनुस्वार पडला आणि आम्ही ‘केद्र’ झालो. मी घाबरून कायदा उघडून बसले, कारण आकाशचिन्हाच्या कलमात फलकाचा काही भाग पडला तर परवानगी रद्दबातल होते असं आहे. आमची पाटी आकाशचिन्ह नव्हती, वाचलो. सुट्या भागांना मागून खिळी किंवा स्क्रू मारायला सांगा, किंवा मागे एक पारदर्शक ॲक्रिलिकचा पट्टा घाला.

४. माप

शुल्क बहुतेक क्षेत्रफळावर ठरतं, आणि मोजतात ते चौकटीच्या बाहेरून, अक्षरांपुरतं नव्हे. १० फूट बाय ३ फूट पाटी म्हणजे ३० चौरस फूट, चौरस मीटरमध्ये सुमारे २.७९. कुठलं एकक आहे ते अर्जात नीट पाहा. मी चौरस मीटरच्या रकान्यात ३० लिहिलं होतं, म्हणजे पाटी जवळजवळ अकरा पट मोठी झाली. अर्ज परत आला आणि त्यात तीन आठवडे गेले. चूक सर्वस्वी माझी.

नामफलक किती मापापर्यंत शुल्काशिवाय चालतो, बाहेर काटकोनात निघणाऱ्या दुतर्फा पाटीच्या दोन्ही बाजू मोजतात का आणि पदपथावर ती किती पुढे येऊ शकते, हे तीन प्रश्न कार्यालयात विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. महापालिकांसाठी २०२२ ची राज्याची जाहिरात नियमावली आहे, पण दर त्या त्या महापालिकेचे असतात. दुसऱ्या शहरातल्या मेहुण्याने सांगितलेला दर धरून बजेट करू नका.

पाटीवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची वेळ परवानगी हातात आल्यावरची. तो म्हणेल, “ताई, परवानगीचं आम्ही बघतो.” माझाही म्हणाला होता. काय बघितलं ते नवव्या दिवशी कळलं.

५. वीज

हा भाग लोक उडवून लावतात. म्हणून इथे थोडं थांबते.

पाटीची वीज तुमच्या दुकानाच्या व्यावसायिक मीटरवरूनच घ्या. सोसायटीच्या जिन्याच्या दिव्याची वायर जवळ असते आणि वायरमन सहज म्हणतो, “इथूनच देतो, किती जाते अशी?” देऊ देऊ नका. तो मीटर घरगुती दराचा असतो. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरणं विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरतं आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. बिल सोसायटीच्या नावाने येईल, आणि मग जिन्यातली भेट कशी असेल याची कल्पना करा.

खर्चाचा बाऊ करायचं कारण नाही. शंभर एलईडी मॉड्यूल (पाटीतले छोटे दिवे), प्रत्येकी १.२ वॅट, म्हणजे १२० वॅट. रोज पाच तास लावली तर दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८. खरा खर्च दुरुस्तीचा आहे, आणि तो पॉवर सप्लाय, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारा डबा, कुठे ठेवला यावर ठरतो. पाटीच्या पेटीत कोंबला की उन्हाळ्यात तापतो, पावसात भिजतो आणि शिडी लावल्याशिवाय हाताला लागत नाही. जमलं तर दुकानाच्या आत, हाताला येईल असा लावा. बाहेरच ठेवावा लागला तर पाणी न शिरणारा घ्या. शंभर वॅटच्या सप्लायवर एकशेवीस वॅटचा भार टाकू देऊ नका, थोडी जागा शिल्लक असू दे.

पाटीला स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद पडणारा स्विच), ३० मिलिॲम्पिअरचा गळती-संरक्षक स्विच आणि लोखंडी चौकटीला अर्थिंग, या तिन्हींवर तडजोड नको. पावसात ओल्या शटरला हात लावणारी तुम्हीच असणार. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याचा दाखला मागा, अर्जाला तो जोडता येतो.

सगळे मॉड्यूल एकाच ओळीत जोडले की सुरुवातीचे लख्ख आणि शेवटचे मिणमिणते होतात. आमचं ‘पोळी’ झळकायचं आणि ‘भाजी’ विझत चाललेली. गिऱ्हाईक विचारायचे, आज भाजी संपली का? दोन्ही टोकांकडून वीज दिली की हे टळतं.

६. कागदपत्रं

मी एका फाइलमध्ये दोन प्रती ठेवल्या होत्या. यादी शहरागणिक थोडी बदलते, पण एवढं जवळ असलं की फारसं अडत नाही:

– आधार, पॅन, दुकानाचा पत्ता असलेलं वीजबिल
– जागेचा पुरावा: खरेदीखत किंवा नोंदणीकृत भाडेकरार, आणि मालकाचं संमतीपत्र
– मालमत्ता कराची थकबाकी नसलेली पावती (घरमालकाची थकबाकी असली तर तुमचं काम अडू शकतं, भाडं ठरवण्याआधीच विचारा)
– दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. कायद्यातल्या ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पोच
– तुमच्या धंद्याला महापालिकेचा वेगळा परवाना लागत असेल तर तो. खाण्याच्या धंद्याला अन्न परवानाही
– सोसायटीचं ना-हरकत पत्र, ठरावाच्या तारखेसह
– पाटीचं रंगीत चित्र मापांसह, आणि इमारतीच्या दर्शनी भागाचा फोटो ज्यावर पाटीची जागा आखली आहे
– विद्युत ठेकेदाराचा दाखला
– पाटी मोठी वा जड असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा स्थिरता दाखला

शेवटच्या कागदाला नाक मुरडू नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात कोसळलेल्या फलकाखाली १७ माणसं गेली. तो फलक साधारण १२० बाय १२० फुटांचा होता, परवानगीची कमाल मर्यादा ४० बाय ४० असताना. आपली पाटी त्यापुढे किस झाड की पत्ती, पण खालून शाळेची मुलं जातात.

इमारत वारसा यादीत असेल तर वारसा समितीकडे जावं लागतं. महामार्गालगत असाल तर रस्ता ज्यांचा त्यांचीही परवानगी लागते. हलती चित्रं दाखवणारा डिजिटल फलक लावायचा असेल तर वाहतूक पोलिसांचं म्हणणं महत्त्वाचं ठरतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

‘उद्यम’ नोंदणी (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारी नोंद) काढलीत तर ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. शोधताना वर येणारी, सरकारीच वाटणारी आणि पैसे मागणारी पानं टाळा.

७. अर्ज, पाहणी, पैसे

अर्ज ऑनलाइन असला तरी एकदा क्षेत्रीय कार्यालयात (मुंबईत विभाग कार्यालयात) जाऊन या. अर्ज क्रमांक असलेली पोच हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तुमच्या महापालिकेने कोणत्या सेवा किती दिवसांत द्यायच्या याची यादी जाहीर केलेली असते. आकाशचिन्ह वा जाहिरात परवाना त्यात असेल तर दिवस मोजायला पोचेवरची तारीखच कामी येते. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. मला अपील करावं लागलं नाही, पण पाठपुराव्याच्या पत्रात या कायद्याचा उल्लेख नम्रपणे करायला हरकत नाही.

पाहणीला निरीक्षक येतील तेव्हा टेप, मूळ कागद आणि कामाची माहिती असलेला माणूस दुकानात हवा. माझ्या सासूबाई एकट्या होत्या. त्यांनी चहा दिला, कागद कुठे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि पाहणी दुसऱ्यांदा करावी लागली.

वस्तू व सेवा कर आल्यापासून जाहिरातीवरचा स्थानिक कर गेला, पण परवाना शुल्क वेगळी गोष्ट आहे, ते राहिलं. पैसे फक्त महापालिकेच्या खात्यात, पावतीवर. आधी विनापरवाना लावली असेल तर मागच्या काळाची आकारणी होऊ शकते. माझी झाली.

परवानापत्र आलं की शेवटच्या पानापर्यंत वाचा. माप, मजकूर, जागा, मुदत आणि अटी तिथेच असतात. पाटीवर परवाना क्रमांक लिहायला सांगितलं असेल तर तो चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात कटिंगच्या वेळीच घ्या, नंतर स्टिकर उन्हात सुटतो.

८. बसवणं आणि पुढची वर्षं

बसवताना झाडाची फांदी आड येते म्हणून कुणाला तोडायला लावू नका, झाडाला खिळाही नको. वृक्षांचं संरक्षण करणारा कायदा राज्यात १९७५ पासून आहे. विजेच्या तारांपासून अंतर ठेवा. पेटी भिंतीला बसवताना खाली पाणी निघून जायला दोन-चार बारीक छिद्रं ठेवायला सांगा, नाहीतर जुलैमध्ये पाटीत डबकं होतं आणि दिव्याभोवती किडे तरंगतात.

बसवल्याच्या दिवशी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि रात्री असे फोटो काढून परवानापत्रासोबत ठेवा. नंतर कुणी माप वाढवलं असा आरोप केला तर उपयोगी पडतात.

पाटी मोठी केली, नाव बदललं, शेजारचा गाळा घेऊन ती लांबवली, की जुन्या परवान्यावर विसंबू नका, आधी विचारा. दुकान बंद करून जात असाल तर पाटी उतरवा आणि तसं लेखी कळवा. माझ्या ओळखीत एकीने नुसतं शटर ओढलं. दीड वर्षाने नूतनीकरणाच्या शुल्काची मागणी तिच्या घरी आली.

नूतनीकरणाची तारीख मी दुकानातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या नोंदींच्या शेजारी, लाल पेनाने लिहून ठेवते आणि दोन महिने आधी अर्ज करते. मे महिन्याच्या शेवटी एकदा पाटीवाल्याला बोलावून स्क्रू आवळून घेते, अर्थिंग तपासून घेते. अनुस्वार स्वतः हाताने हलवून बघते.